जिभेला वळत नाही

गेल्या पावसाळ्यात लेकीला रात्री झोपताना गोष्ट सांगायला घेतली. ती नऊ वर्षांची. टोल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन जाड भाग एवढ्यात तिच्या हातात द्यावेत असं वाटत नव्हतं, आणि सिनेमा दाखवण्याआधी गोष्ट तिच्या मनात तिच्या स्वतःच्या चित्रांनी भरावी अशी फार इच्छा होती. म्हणून पुस्तक मिटून, आठवेल तसं, मराठीत सांगू लागले. दिवा मालवलेला, खिडकीच्या पत्र्यावर पाऊस, तिचे गार तळवे माझ्या मांडीखाली सरकवलेले. आठ-दहा रात्रींनी आम्ही त्या नदीकाठी पोचलो, जिथे घातकी अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो कुणालाही न सांगता एकट्याने पुढे जायचं ठरवतो. होडी काठापासून सुटलेली आहे. सॅम धावत येतो आणि पोहता येत नसताना सरळ पाण्यात शिरतो. मी रंगात आले होते. माझा सॅम ओरडला, "थांबा मालक, मला टाकून जाऊ नका, मी येतोय तुमच्याबरोबर!"

"आई, ते मित्र आहेत ना?"

"हो, अगदी जिवाभावाचे."

"मग सॅम त्याला तुम्ही का म्हणतो?"

सॅम त्याच्याकडे बागेचं काम करायचा, असं काहीतरी मी सांगितलं. "आणि फ्रोडो त्याला तू म्हणतो?" हो म्हटलं. ती काही बोलली नाही, कूस बदलून झोपली. मला मात्र बराच वेळ झोप आली नाही. हे पुस्तक मी आजवर चारदा वाचलंय. चारही वेळा इंग्रजीतल्या 'यू'ने ती जागा कोरी ठेवली होती, आणि त्या दोघांमध्ये नेमकं काय आहे हे मला कधी ठरवावं लागलं नव्हतं. मराठीत तोंड उघडल्याबरोबर ते ठरून गेलं. मी ठरवलं नाही, माझ्या जिभेने ठरवलं. कुठला नोकर कुणाशी कसा बोलतो हे तिला फार आधीपासून पाठ होतं, आणि तेच मला लागत राहिलं.

दुसऱ्या रात्री तीच गोष्ट 'तू' लावून सांगून पाहिली. "थांब फ्रोडो, मला टाकून जाऊ नकोस." दोन वाक्यांतच सॅम हरवला. त्याच्या जागी कुणीतरी शाळासोबती आला, पाठीला सॅक लावून ट्रेकला निघालेला. सॅमची सगळी घडण दुसऱ्याच मातीची आहे. त्याच्या म्हाताऱ्या बापाने फ्रोडोच्या घराची, बॅग एंडची, बाग चाळीस वर्षं सांभाळली. फ्रोडोच्या आधीच्या बिल्बोमालकांनी पोराला अक्षरओळख करून दिली, त्याचं बापाला कौतुकही आहे आणि धास्तीही: एल्फसारखे अमर लोक आणि ड्रॅगन मोठ्यांसाठी, आपण कोबी-बटाट्याचं बघावं. सॅमला गोष्टीत प्रवेश मिळतो तोही खिडकीखालून. आत जादूगार गँडाल्फ फ्रोडोला अंगठीचा इतिहास सांगतोय आणि बाहेर हा गवताची कड छाटता छाटता कान देऊन ऐकतोय. कात्रीचा आवाज थांबल्यामुळे तो सापडतो आणि कान धरून वर ओढला जातो. फ्रोडोबरोबर जायचं, ही त्याची शिक्षा. एल्फ बघायला मिळणार म्हणून तो आनंदाने रडू लागतो. हा माणूस "अरे फ्रोडो" म्हणणार कसा?

खिडकीखालून गोष्ट ऐकणारं एक माणूस मला माहीत आहे.

माझं लहानपण वाईला गेलं. वाड्याला मागचं दार होतं, दाराबाहेर मोरी, आणि मोरीपाशी सकाळ-संध्याकाळ भांडी घासायला एक मावशी येत. त्यांची मुलगी माझ्यापेक्षा वर्षाने मोठी. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण तिला विचारलेलं नाही. शाळा सुटली की ती आईला मदत करायला यायची, आणि मी मागच्या पायरीवर बसून 'चांदोबा' मोठ्याने वाचायचे. तिलाही वाचता येत होतं, पण हात रिकामे नसायचे. राख आणि काथ्याने ती कढई घासत असायची. राख कोपरापर्यंत चढून वाळायची आणि तिचे हात पांढरे दिसायचे, एखाद्या बैराग्यासारखे. विक्रमाच्या खांद्यावरून वेताळ प्रश्न विचारायचा, तिथे मी मुद्दाम थांबायचे. ती हात न थांबवता उत्तर द्यायची, आणि बहुतेक वेळा विक्रमाचं उत्तर तेच निघायचं. चुकलं तर ती वाद घालायची, आणि मला आजही वाटतं की त्यातल्या निम्म्या वेळी विक्रम चुकलेला असायचा.

वेताळाची पहिली गोष्ट आम्हाला सगळ्यात आवडायची. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ती संस्कृतात बांधली, त्याआधी ती किती तोंडांतून फिरली असेल कोण जाणे. राजपुत्र वज्रमुकुट आणि प्रधानाचा मुलगा बुद्धिशरीर. तळ्याकाठी पद्मावती दिसते, कमळाच्या खुणा करते आणि निघून जाते. राजपुत्राला काही कळत नाही, तो नुसता झुरतो. खुणांचा अर्थ लावतो प्रधानपुत्र: ती कुठली, कुणाची, नाव काय. तिच्यापर्यंत पोचायची वाट तोच काढतो. आणि हे सगळं डोकं दुसऱ्याचं आहे हे पद्मावतीला कळतं, तेव्हा ती त्या मित्रासाठी विष घातलेली मिठाई पाठवते. तो ती एका कुत्र्याला टाकतो, कुत्रा मरतो, आणि कट उघडा पडतो. आपल्याकडच्या कहाण्यांत ही जोडी पुन्हा पुन्हा भेटते, राजाचा मुलगा आणि प्रधानाचा मुलगा, कधी राजाचा आणि सुताराचा. एकाकडे राज्य, दुसऱ्याकडे अक्कल. शेवटी वरमाला कुणाच्या गळ्यात पडणार याबद्दल ऐकणाऱ्याच्या मनात शंका नसते.

आम्ही ती गोष्ट घाटावर खेळायचो. नदीच्या पायऱ्या म्हणजे राजवाडा, पलीकडचा काठ म्हणजे परमुलूख. मी राजपुत्र, ती प्रधानपुत्र. आमच्या घरातून आणलेली वेळूची काठी म्हणजे घोडा, आणि एका फडक्यात बांधलेले शेंगदाणे-गूळ ही प्रवासाची शिदोरी. शिदोरी ती घ्यायची. ती का घेते असा प्रश्न दोघींपैकी कुणालाच पडला नव्हता. एका दुपारी तिने घोड्याला हात घातला आणि म्हणाली, "आज मी राजपुत्र." मी म्हटलं, "पण घोडा आमचा आहे."

तिने फडकं पायरीवर ठेवलं आणि घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली, तिने शिदोरी उचलली आणि खेळ सुरू झाला. पुन्हा तिने कधी मागितलं नाही. मीही दिलं नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. नंतरही कितीतरी दुपारी होत्या. एखादे दिवशी काठी तिच्या हातात द्यायला मला कुणी अडवलं नसतं. द्रुपदाने द्रोणाला दरबारात ऐकवलं होतं की मैत्री बरोबरीच्यांत होते. ते ऐकून आपण द्रोणाच्या बाजूने चिडतो. माझं वाक्य तेच होतं, फक्त राज्याच्या जागी काठी होती.

आमच्या मागच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप उपडा असायचा. तो मावशींचा. त्या चहा प्यायच्या, स्वतः विसळायच्या आणि पुन्हा उपडा घालायच्या. मुलीलाही त्यातच. घरात कुणी कधी आवाज चढवून बोललं नाही, सणाला लुगडं दिलं, आजारपणात पैसे दिले, आणि कप कोनाड्यातच राहिला. मी दहा-अकरा वर्षांची असताना मावशींची कंबर धरली आणि पोरीची शाळा सुटली. दिवाळीच्या आसपास एका संध्याकाळी ती मोरीवरून म्हणाली, "ताई, तुमचं ताट राहिलंय." मी मागे वळून पाहिलं, कोण ताई आलीय म्हणून. मागे कुणी नव्हतं. मी तिच्याहून लहान होते. तिला कुणी सांगितलं होतं का, माझ्या आईने की तिच्या, हे मी कधीच विचारलं नाही. त्या दिवसापासून आम्ही घाटावर गेलो नाही.

म्हणून सॅमबद्दल वाचताना माझ्या मनात नेहमी दोन गोष्टी एकदम उठतात. त्याच्यावर जीव जडतो, आणि त्याच्या त्या 'मिस्टर फ्रोडो'ने जीव कासावीसही होतो. अंगठी जिथे नष्ट करायची त्या शत्रूच्या मुलखाच्या, मॉर्डॉरच्या, वाटेवर हे दोघं एकाच उपासाने खंगतात, एकाच चिखलात झोपतात, शेवटचं पाणी वाटून घेतात, आणि तरी एक जण मालक आणि दुसरा सॅम. टोल्किन पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, सोमच्या लढाईत होता, सिग्नलचा अधिकारी म्हणून, लँकशायर फ्युजिलियर्समध्ये. त्या फौजेत प्रत्येक अधिकाऱ्याला बॅटमन मिळायचा. आपल्याकडच्या सैन्यात ज्याला ऑर्डर्ली म्हणत तोच हा शिपाई: साहेबाचे कपडे, बूट, चहा बघणारा, आणि तोफा सुरू झाल्या की त्याच खंदकात शेजारी पडून राहणारा. सॅम हा त्या युद्धात भेटलेल्या साध्या शिपायांचं आणि बॅटमनचं प्रतिबिंब आहे आणि ते आपल्याहून कितीतरी सरस होते, असं टोल्किनने पुढे सांगितलं. मी ते मनापासून खरं मानते. ज्या माणसाला असं वाटलं, त्यालाच सॅमच्या पिशवीतलं सामान इतकं बारकाईने लिहिता येतं.

ते सामान म्हणजे भांडी. जगाचा निकाल लागायचा आहे आणि सॅमच्या पाठीवर स्वयंपाकाची भांडी आहेत, चमचे आहेत, आणि एक लहानशी डबी आहे मिठाची. इथिलियनच्या रानात तो सशाचा रस्सा करतो, त्यासाठी त्यांचा वाटाड्या झालेल्या गॉलमकडे तमालपत्राचा पाला, ओवा-तुळशीच्या जातीची कसलीशी सुगंधी पानं मागतो, तो साफ नाही म्हणतो, तरी हा निखारे नीट करतो, फ्रोडो झोपलाय तोवर उकळी फुटू देतो. मीठ वाचवून वाचवून आणलेलं. पुढे मॉर्डॉरमध्ये ओझं झेपेना म्हणून सगळं फेकायची वेळ येते. फ्रोडो ढाल, शिरस्त्राण टाकून देतो, तसं काही न वाटता. सॅम मात्र भांडी एका भेगेपाशी नेऊन खाली सोडतो आणि त्यांचा खणखणाट खाली खाली जाताना ऐकतो, आणि तो आवाज त्याला मरणाच्या घंटेसारखा लागतो. हे मी लेकीला सांगितलं तेव्हा तिला नीट कळलं नाही. भांड्यांसाठी एवढं काय, असं तिचं म्हणणं. मी थांबले, कारण माझ्या कानात दुसराच आवाज होता, मोरीवर पालथ्या घातलेल्या पातेल्यांचा. ज्याने रोज कुणाला तरी जेवू घातलंय त्यालाच कळतं की भांडं टाकणं म्हणजे परत येऊन रांधायची आशा टाकणं.

आणि अंगठी. फ्रोडो मेला असं समजून सॅम अंगठी स्वतःकडे घेतो, आणि ती त्यालाही भुलवते. मॉर्डॉरच्या राखाडी पठाराची बाग झालेली दिसते, त्याच्या एका हुकुमाने फुलं, झाडं, फळं. तो ते दृश्य बाजूला सारतो. आपल्याला आपली एक लहान बाग पुरे, स्वतःच्या हाताने राखलेली, असं त्याला कळतं. सगळे म्हणतात, बघा, केवढा मोठा माणूस. मीही म्हणते. पण आपल्याकडे यासाठी एक शब्दप्रयोग आहे, पायरी ओळखून राहणे, आणि तो आठवला की मला तो प्रसंग निवांतपणे वाचता येत नाही. मागणं कमी असणं हा त्याचा स्वभाव आहे, की घोडा आमचा आहे हे त्याला कुणीतरी लहानपणीच ऐकवलंय? एवढं मात्र आहे की टोल्किन त्याच्या तोंडी 'स्वतंत्र' माळ्याची बाग घालतो. कुणाच्या मालकीची नव्हे. त्या एका शब्दाला मी बराच काळ धरून बसले आहे.

गॉलमही फ्रोडोला मालकच म्हणतो, हे मराठीत सांगतानाच मला पहिल्यांदा ऐकू आलं. दोन नोकर, एक मालक, आणि दोघांचं एकमेकांशी वैर. किरिथ उंगोलच्या जिन्यावर फ्रोडो आणि सॅम झोपलेले असताना गॉलम परत येतो, बघत उभा राहतो, आणि क्षणभर त्याच्यातला म्हातारा, थकलेला, एकाकी हॉबिट, फ्रोडो-सॅमच्याच बुटक्या जातीचा, वर येतो. तो थरथरता हात फ्रोडोच्या गुडघ्याला लावतो, जवळजवळ मायेने. तेवढ्यात सॅम जागा होतो आणि त्याच्यावर खेकसतो. तो क्षण विझतो आणि पुन्हा येत नाही. टोल्किनला या प्रसंगाची फार हळहळ वाटायची. मला सॅमचा राग येत नाही, त्याची भीती योग्यच होती. पण ज्याला आयुष्यभर कुणीतरी वरून पाहिलं, त्याच्याही खाली कुणीतरी असतं, आणि त्याच्याकडे पाहायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं. आमच्या मागच्या दारी उरलंसुरलं मागायला एक म्हातारी यायची. तिला सगळ्यात जोरात हाकलायच्या त्या मावशी.

लेकीच्या प्रश्नाने हैराण होऊन एका रविवारी मी तिसऱ्या भागाची परिशिष्टं उघडली. ती मी आधी कधी नीट वाचली नव्हती. भाषांवरच्या परिशिष्टात टोल्किनने लिहिलंय की हे सगळे लोक जी भाषा बोलत होते, जिचं आपण इंग्रजी केलं, तिच्यात 'तू' आणि 'तुम्ही' असे दोन्ही होते. इंग्रजीत ते दाखवता आलं नाही. आणि फ्रोडो-सॅमच्या मुलखाची, शायरची, गंमत अशी की हॉबिटांच्या रोजच्या बोलण्यातून आदरार्थी रूप गळून गेलं होतं. त्यामुळे त्यांच्यातला पिपिन गॉन्डोरच्या राज्यात गेला तेव्हा त्याने तिथला कारभार पाहणाऱ्या साक्षात डेनेथॉरलाही 'तू' म्हटलं. म्हाताऱ्या कारभाऱ्याला कदाचित गंमत वाटली, नोकर थक्क झाले, आणि शहरभर बोलबाला झाला की हा त्याच्या देशातला कुणी फार थोर राजपुत्र असणार. मी उठून बसले. म्हणजे लेकीचं बरोबर होतं. सॅम 'तू'च म्हणत असणार.

पण ते वाक्य तिथे संपत नाही. आदरार्थी रूप खेड्यापाड्यांत, विशेषतः पश्चिम भागात, अजून थोडं टिकून होतं, असं टोल्किन म्हणतो, आणि तिथले लोक ते लाडाने वापरत. सॅमचं हॉबिटन त्याच पश्चिम भागात येतं. माया म्हणून 'तुम्ही'. आपल्याकडेही आहे की हे. पायात लुडबुडणाऱ्या दीड वर्षाच्या पोराला आपण म्हणतो, "या राजे, बसा, जेवता का?" आणि उलट, आईला तू, विठ्ठलाला तू. जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते आणि आपल्याबरोबर जात्यावर बसणाऱ्या देवाला विठ्या म्हणून हाक मारते. कुणाला काय म्हटलं यावरून वर कोण आणि खाली कोण, हे मराठीत नेहमी सरळ कळतच नाही. सॅमचं 'तुम्ही' लाडाचं असू शकेल, हे वाचून मला फार हलकं वाटलं. आणि लगेच कळलं की मला सॅमचं काही पडलेलं नाही. मला मोरीवरचं ते पहिलं 'तुमचं ताट' लाडाचं होतं असं हवं होतं. ते तसं नव्हतं. ती माझ्याकडे न बघता बोलली होती.

दोन वर्षांपूर्वी एका मुंजीसाठी वाईला गेले तेव्हा तिला भेटून आले. ती आता पोळ्यांच्या ऑर्डरी घेते. पत्र्याच्या शेडमध्ये दोन मोठे तवे, हाताखाली चार बायका, भिंतीला टेकून पिठाची पोती. तिने माझ्यासाठी खुर्ची पुसली, स्वतः दुसरीवर बसली, स्टीलच्या पेल्यात चहा आला, दोघींना सारखाच. हात तिचे कोपरापर्यंत पांढरे होते, पिठाने. आम्ही तासभर बोललो. वेताळाची गोष्ट निघाली. मला वाटलं तिला प्रधानपुत्र आठवेल. ती म्हणाली, "ते कुत्रं बिचारं फुकाचं मेलं बघा. त्याचं कुणी नावच काढत नाही." मी हसले आणि म्हणाले, "तुझ्या किती लक्षात आहे गं." तेव्हा तव्यावरच्या एका बाईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या शेडमध्ये सगळ्या तिला अक्का म्हणत होत्या आणि तुम्ही म्हणत होत्या. पीठ आणून टाकणारा माणूसही. 'तू' म्हणणारी तिथे मी एकटी होते.

मी घाईने म्हटलं, "आता तरी मला ताई-तुम्ही नको करूस. तू म्हण." ती हसली, पदराने कपाळ पुसलं. "जिभेला वळत नाही आता ते."

परत येताना बसमध्ये मला वाटत होतं की मी काहीतरी दिलं आणि तिने घेतलं नाही. महाबळेश्वरची गर्दी खाली उतरत होती, पुण्यापर्यंत बस रखडत आली, आणि एवढ्या वेळात मला एकदाही सुचलं नाही की मीही तिला 'तुम्ही' म्हणू शकले असते. ती मोठी आहे माझ्याहून. इतर कुणी वर्षाने मोठी, स्वतःचा धंदा उभा केलेली बाई भेटली तर मी अहो-जाहोच करते. 'तू' म्हण हे सांगायचा हक्कही माझाच होता. फ्रोडो शेवटी सॅमला सगळं देतो. बॅग एंड देतो, ग्रंथाची उरलेली पानं लिहायला देतो, पोरीचं नाव सुचवतो. सॅम पुढे सात वेळा मेयर होतो, आणि फ्रोडो जहाजाने गेल्यावर साठहून अधिक वर्षांनी तोही समुद्रापलीकडे जातो. त्याआधी, कॉर्मालेनच्या मैदानात, राजा अ‍ॅरागॉर्न दोघांपुढे गुडघा टेकतो आणि दोघांना हाताला धरून आपल्या सिंहासनावर बसवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. गुडघा राजाने टेकला. फ्रोडोने सॅमपुढे कधी टेकला का, हे मी त्या आठवड्यात पानं उलटून शोधत होते.

गोष्ट पुढे सरकत राहिली. कधी 'तू', कधी 'तुम्ही', लेक मध्येच टोकायची. मग आम्ही त्या आगीच्या डोंगरावर पोचलो, जिथे अंगठी टाकायची. फ्रोडोला आता चालता येत नाही, तो रांगतोय. सॅम त्याला पाठीवर घेतो, आणि त्याला वाटलं होतं त्यापेक्षा तो हलका लागतो. इथे काय म्हणायचं हे मी काही ठरवलेलं नव्हतं. माझा सॅम म्हणाला, "आता पाठीवर घेतो. हात गळ्यात. असं. चढायचं आता, थोडंच राहिलंय. पाणी हवंय? हे घोटभर उरलंय." गोष्ट पायथ्यापासून तोंडापर्यंत चढून गेली आणि लेकीने एकदाही टोकलं नाही. दिवा लावून पाणी प्यायला उठले तेव्हा लक्षात आलं, एवढ्या सगळ्यात तूही आलं नाही आणि तुम्हीही नाही. मराठीत ही एक वाट आहे. कुणाला काय म्हणावं हे ठरत नसलं की आपण म्हणतो, कधी येणं झालं, बसायचं का, निघायचं ना.

शेवटची रात्र राहिली होती, जहाजाची. पाऊस तीन दिवस लागून होता. लेकीने पांघरूण घेतलं आणि तेवढ्यात फोन वाजला. वाईचा. ती पावसाळ्यात एकदा तरी करते.

"पाणी गणपतीला लागलं," ती म्हणाली.

"कधी?"

"दुपारी. घाट समदा बुडालाय. एक पायरी दिसत नाही."

"शेडमध्ये नाही ना शिरलं?"

"नाही, वर आहे ती. पीठ हलवून ठेवलंय तरी. जेवणं झाली?"

"झाली आत्ताच. तिकडं?"

"शेवटची पोळी तव्यावर आहे. पोरगी झोपली का?"

"जागी आहे. गोष्ट चाललीय."

"कुठली?"

मी सांगायला लागले. दोन माणसं, लांबचा प्रवास, एक परत येणार आहे आणि एक नाही. तिच्याकडे तव्यावर काहीतरी चरचरलं, उलथन्याचा आवाज झाला. लेक पांघरुणातून डोकं काढून ऐकत होती.

"थांबायचं नाही मधेच," ती म्हणाली. "हात चालू आहेत माझे. सांगायचं पुढं."